खोक्यावरचा वेग शेवटी बघा: ओहायोत हरणाच्या शिकारीसाठी क्रॉसबो निवडताना

ऑगस्ट लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "दादा, चारशेवाला घेऊ की साडेचारशेवाला?" म्हणजे सेकंदाला ४०० फूट वेगाचा की ४५० फुटांचा. मी उलट विचारतो, "बसणार कुठे आहेस? मचाणावर की जमिनीवर?" समोर शांतता. क्रॉसबोच्या, म्हणजे ट्रिगर दाबून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याच्या, खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात वेग छापलेला असतो, त्यामुळे माणूस तिथूनच सुरुवात करतो. मला विचाराल तर वेग शेवटी बघायचा. आधी जागा, मग आपलं शरीर, मग बोल्ट म्हणजे क्रॉसबोचा आखूड बाण, आणि उरलेल्या पैशात बसेल तो वेग.

हा लेख ओहायोतल्या व्हाइटटेल हरणापुरता आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे चितळ-सांबराचा विषयच नको. इकडे मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवायची म्हणून राज्यच दर वर्षी परवाने देतं, आणि कुठल्या काउंटीत किती हरणं घ्यायची तेही ठरवून देतं.

आधी कागद

ओहायोत क्रॉसबोला धनुष्याच्या संपूर्ण हंगामात परवानगी आहे. हा हंगाम सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. नियमानुसार क्रॉसबोची ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायला लागणारा जोर, किमान ७५ पाउंड हवी, आणि बोल्टच्या टोकाचं पातं किमान पाऊण इंच रुंद हवं. आज दुकानात मिळणारा कुठलाही मोठ्यांचा क्रॉसबो यात आरामात बसतो. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथलं पुस्तक वेगळं. पेनसिल्व्हेनियात किमान १२५ पाउंड लागतात, विस्कॉन्सिनमध्ये १००, आणि ऑरेगनमध्ये तर क्रॉसबोने शिकारच करता येत नाही. आकडे बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडूनच खरेदीला निघा.

आपल्या लोकांचा हमखास प्रश्न व्हिसाचा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात क्रॉसबो हे फायरआर्म नाही, त्यामुळे बंदूक घेताना भरावा लागणारा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म याला लागत नाही. एच-१बीवरच्या माणसाला बंदुकीसाठी आधी कुठल्या तरी अपवादात बसावं लागतं, तसली भानगड फेडरल पातळीवर इथे नाही. राज्याचे आणि गावाचे नियम मात्र वेगळे असू शकतात, ते तपासा. शिकारीचं लायसन्स आणि हरणाचं परमिट जवळपास सगळ्यांनाच लागतं, आणि नेहमीचं लायसन्स पहिल्यांदा काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. ओहायोत सहा महिने राहून झाले असतील तर रहिवाशाच्या स्वस्त दरात लायसन्स मिळतं. खाजगी रानात जायचं तर मालकाची लेखी परवानगी खिशात हवी, तोंडी चालत नाही. ती नसेल तर आग्नेय ओहायोतलं वेन नॅशनल फॉरेस्ट सार्वजनिक आहे.

पायरी पहिली: बसणार कुठे?

माझा पहिला क्रॉसबो रिकर्व्ह जातीचा होता, साध्या वाकड्या पात्यांचा (इथे पाती म्हणजे धनुष्याचे दोन वाकणारे बाहू). चांगला मजबूत. दुकानात धरून बघितला, खांद्याला लावला, छान वाटला. पहिल्याच आठवड्यात मचाणावरून बाण सोडला आणि उजवं पातं मचाणाच्या कठड्यावर आपटलं. बोल्ट कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही. हरीण मात्र माझ्याकडे बघत उभं होतं. चूक क्रॉसबोची नव्हती. दोन फुटांहून रुंद हत्यार मी जेमतेम तीन फुटांच्या जागेत घेऊन बसलो होतो, आणि सुटताना पाती बाहेरच्या बाजूला उघडतात हे विसरलो होतो.

म्हणून आधी टेप घेऊन आपली बसायची जागा मोजा. मचाण झाडाला टेकलेलं, समोर कठडा आणि बाजूला फांद्या असतील, तर दोरी ओढलेल्या स्थितीत सहा ते दहा इंच रुंद राहणारा अरुंद कंपाउंड क्रॉसबो सोयीचा. कापडी ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या तंबूत, दोघं बसणार असाल तरी तेच. याउलट शेताच्या कडेला मोकळ्या जागी तिपाई लावून बसत असाल, तर रुंदीला घाबरायचं कारण नाही.

मुख्य जाती तीन. रिकर्व्हमध्ये चाकं नसतात. दोरी तुटली तर घरी, ओट्यावर ठेवूनसुद्धा नवी चढवता येते. कॅनडातल्या ऑन्टारिओची एक्सकॅलिबर कंपनी यासाठीच ओळखली जाते. तोटा म्हणजे रुंदी, आणि तेवढाच वेग मिळवायला जास्त ओढ. कंपाउंडला टोकांना कॅम म्हणजे चाकं असतात. तो अरुंद आणि वेगवान असतो, पण दोरी किंवा केबल बदलायला बो-प्रेस लागतो, म्हणजे दुकानाची फेरी आली. रिव्हर्स-ड्रॉमध्ये पाती उलट बसवलेली असतात, त्यामुळे वजन हाताकडे सरकतं आणि पुढचं टोक जड वाटत नाही. पॉवर स्ट्रोक, म्हणजे दोरी किती इंच प्रवास करते ते अंतर, त्यात जास्त मिळतं. लांब पॉवर स्ट्रोक असला की कमी ओढीतही चांगला वेग निघतो. एखाद्या मॉडेलची ओढ २०० पाउंड आणि दुसऱ्याची १७५ असूनही वेग सारखाच दिसला तर गोंधळू नका. कारण बहुधा हेच असतं.

पायरी दुसरी: दोरी कोण ओढणार?

या प्रश्नाला लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि नंतर सगळ्यात जास्त पस्तावतात. १८० पाउंड म्हणजे सुमारे ८२ किलो. ते नुसत्या हाताने ओढण्याचा विचारही करू नका. दोन्ही हात सारखे लागत नाहीत, दोरी थोडी एका बाजूला बसते आणि मग प्रत्येक बोल्ट डावी-उजवीकडे जातो.

दोरीचा कॉकर, म्हणजे दोन हँडलं असलेली आकड्याची दोरी, स्वस्त असतो आणि लागणारा जोर जवळपास निम्म्यावर आणतो. १८० चे ९० पाउंड होतात. तरी ९० पाउंड म्हणजे चाळीस किलो, आणि तेही वाकून, पाय रकाबात अडकवून, थंडीने कडक झालेल्या हातांनी. जानेवारीतल्या पहाटे तापमान शून्याखाली असताना हे करून बघितल्याशिवाय "मला जमतं" म्हणू नका. पाठीचं दुखणं असेल, खांद्याचं ऑपरेशन झालं असेल, किंवा घरातली बाई किंवा मोठा मुलगा तोच क्रॉसबो वापरणार असेल, तर हँडल फिरवायचा क्रँक घ्या. त्यात जोर काही पाउंडांवर येतो. ओहायोतल्याच मोगाडोरची टेनपॉइंट कंपनी आणि विस्कॉन्सिनमधल्या सुपीरिअरची रेव्हिन यांच्या मॉडेल्समध्ये क्रँक बहुधा आतच बसवलेला असतो. क्रँक घेताना दुकानदाराला एक नक्की विचारा: मधेच हँडल सुटलं तर ते जागीच थांबतं की भिंगरीसारखं उलटं फिरतं? उलटं फिरणारं हँडल बोटं मोडू शकतं. मला जागीच थांबणारा हवा.

दुसरा प्रश्न: दिवस संपल्यावर, बाण न सोडता, दोरी सैल कशी करायची? काही क्रँक उलटे फिरवून दोरी सावकाश सोडता येते. ज्यांत हे जमत नाही, त्यांत दोरी सैल करायला एक बोल्ट लक्ष्यात सोडावाच लागतो. म्हणजे अंधारात गाडीपाशी एक टार्गेट ठेवायचं आलं. सोय छोटी वाटते, पण वीस संध्याकाळी हेच केलं की तिची किंमत कळते. दोरी ओढलेला क्रॉसबो गाडीत घेऊन बसू नका. बऱ्याच राज्यांत तो भरलेल्या हत्यारासारखाच धरला जातो, आणि अपघाताच्या दृष्टीने तर तो तसा आहेच.

पायरी तिसरी: अंगाला बसतो का?

बूट कसा, पायात घालून बघतो, तसंच. हिवाळ्याचं जाड जॅकेट घालून दुकानात जा. लोक हसतील, हसू द्या. उन्हाळी टी-शर्टवर बरोबर वाटणारा दस्ता जॅकेटवर दोन बोटं लांब होतो. गाल दस्त्यावर टेकवल्यावर डोळा आपोआप स्कोपच्या, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीच्या, मधोमध यायला हवा, मान ताणून नव्हे. हातमोज्यांसह सेफ्टी दाबून बघा. ती आवाज न करता सरकली पाहिजे. शांत रानात तो "टक" हरणाला स्पष्ट ऐकू जातो.

पुढचा हात जिथे धरतो तिथे बोटं रेलच्या, म्हणजे बोल्ट ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या, वर जाऊ नयेत म्हणून कठडा आहे का बघा. दोरी सुटताना अंगठा रेलच्या वर असेल तर तो उरत नाही. मी हे घाबरवायला सांगत नाही. क्रॉसबोची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सामान्य इजा हीच आहे. रिकाम्या फायरपासून संरक्षण करणारी यंत्रणा, म्हणजे बोल्ट नसताना ट्रिगर दबलाच तरी दोरी सुटू न देणारी, तीही असलीच पाहिजे. रिकामा क्रॉसबो सोडला की सगळी ताकद बोल्टऐवजी पात्यांमध्ये जाते, आणि पाती फुटू शकतात.

वजन सहा ते आठ पाउंडांच्या आसपास असतं. स्कोप, बोल्टचा भाता आणि क्रँक धरून मोजा, कारण कागदावरच्या वजनात ते बऱ्याचदा धरलेले नसतात.

आता वेग

आता हिशेब. बोल्टची ऊर्जा काढायचं सूत्र सोपं आहे: ग्रेन या छोट्या मापातलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. ४०० ग्रेनचा बोल्ट सेकंदाला ३५० फुटांनी सुटला तर सुमारे १०९ फूट-पाउंड (ऊर्जेचं माप) होतात. तोच ४०० फुटांनी सुटला तर १४२. तिरंदाजीच्या सामानात सर्रास वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पाउंड पुरेशी धरली जाते. म्हणजे अगदी ३०० फूट वेगाचा, खालच्या किमतीतला क्रॉसबोसुद्धा ८० फूट-पाउंड देऊन दुपटीच्या आसपास पुढे आहे. ऊर्जेसाठी जास्त वेग लागतो हे म्हणणं हरणाच्या बाबतीत टिकत नाही.

"पण बोल्ट कमी पडतो ना?" पडतो की. तोही हिशेब करू. हवेचा विरोध बाजूला ठेवला आणि ४० यार्डांचा नेम धरला, पण हरीण प्रत्यक्षात ४५ यार्डांवर असलं, तर ३५० वेगाचा बोल्ट सव्वातीन इंच खाली लागतो, ४०० चा अडीच इंचांच्या आत. फरक एक इंचाहूनही कमी. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांची जागा आठ-दहा इंचांची असते. त्या एका इंचासाठी चारशे डॉलर जास्त मोजण्यापेक्षा शंभर-दीडशे डॉलरचा लेझर रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, घ्या, चूकच उरणार नाही.

खरी अडचण आवाजाची आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो, म्हणजे कुठल्याही क्रॉसबोच्या आधी आवाज हरणापर्यंत पोचतो. ४० यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर, ३५० वेगाचा बोल्ट सुमारे ०.३४ सेकंदांनी पोचतो आणि आवाज ०.११ सेकंदांनी. मधल्या पाव सेकंदात बिथरलेलं हरीण पळण्यासाठी आधी खाली दबतं आणि बोल्ट पाठीवरून जातो. वेग ४०० केला तर ही फट ०.२४ वरून ०.१९ वर येते. पण तोच ३५० चा क्रॉसबो घेऊन तुम्ही २० यार्डांवर बसलात तर फट ०.१२ होते. पन्नास फुटांचा जास्तीचा वेग जे करत नाही ते झाड बदलून फुकटात होतं. म्हणून मी ३५० ते ४०० च्या मधला वेग सांगतो, आणि दोन मॉडेल्स सारखी वाटली तर ज्याचा आवाज कमी तो. दुकानात दोन्ही सोडून बघायला मागा. कान लगेच सांगतो.

एक जाता जाता: खोक्यावरचा वेग कंपनीने बहुधा हलका बोल्ट लावून मोजलेला असतो. तुम्ही जड बोल्ट वापरलात की आकडा खाली येतो. येऊ द्या. जड बोल्ट शांत सुटतो आणि आत खोल जातो.

बोल्ट, पातं आणि नॉक

इथे हौस करायची नाही. बोल्टची लांबी, किमान वजन आणि नॉकचा, म्हणजे मागच्या खाचेचा, प्रकार मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो, तोच घ्यायचा. नॉक सपाट, अर्धचंद्र, दोरी पकडणारा असे वेगवेगळे येतात. चुकीचा लावला तर दोरी बोल्टच्या वरून किंवा खालून निसटते, आणि मग रिकामा फायर झाल्यासारखंच होतं. किमान वजनापेक्षा हलका बोल्ट लावणं म्हणजेही थोडाफार रिकामा फायरच.

टोकाचं पातं, ब्रॉडहेड, दोन तऱ्हेचं: स्थिर, आणि लागल्यावर उघडणारं. उघडणारं पातं हवेत सरावाच्या टोकासारखं सरळ जातं आणि जखम मोठी करतं, पण उघडण्यात काही ऊर्जा खर्च होते आणि क्वचित ते उघडतच नाही. क्रॉसबोकडे ऊर्जा भरपूर असल्याने दोन्ही चालतात. मी स्थिर, तीन धारांचं, १०० ग्रेनचं वापरतो, कारण त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. फक्त ते लावून सराव करावाच लागतो. सरावाच्या टोकाने जिथे लागतं तिथेच स्थिर पातंही लागेल असं गृहीत धरू नका.

पैसे

सुरुवातीचे क्रॉसबो तीनशे-चारशे डॉलरला स्कोपसकट मिळतात, मधले आठशे ते बाराशेला, आणि वरचे दोन हजारांच्या पुढे. माझा सल्ला असा की एकूण बजेटचा पाव हिस्सा आधीच बाजूला काढा: सहा चांगले बोल्ट, ब्रॉडहेड, फोमचं टार्गेट, रेंजफाइंडर, दोरीचं मेण, आणि मचाणावर बसणार असाल तर अंगाला बांधायचा हार्नेस. मचाणावरून पडणं हा इथल्या शिकारीतला मोठा धोका आहे. क्रॉसबो स्वस्त घेतलात तरी चालेल, हार्नेसमध्ये काटकसर नको.

जुना घेत असाल तर कापसाचा बोळा घेऊन जा. तो पात्यांवरून, कडांवरून हळू फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे तडा आहे, मग किंमत कितीही चांगली असो, परत फिरा. दोरीवर मधोमध गुंडाळलेला धागा उसवला असेल तर दोरी बदलायचा खर्च किमतीतून कमी करून मागा. कॅम सरळ उभे आहेत की एका बाजूला कललेले, तेही मागून बघा. विकणाऱ्याला कधी रिकामा फायर झाला होता का विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देताना चेहरा बघा.

घरी आणल्यावर

नेम २० यार्डांवर बसवा, टेबलावर वाळूच्या पिशवीत क्रॉसबो रोवून. स्कोपवर वेगाची रिंग असेल तर ती आपल्या बोल्टच्या वेगावर ठेवून मग ४० आणि ५० यार्डांच्या रेषा बरोबर लागतात का बघा. वरखाली जात असेल तर रिंग थोडी फिरवा, नेम बसवायचे स्क्रू नव्हे. प्रत्येक बोल्ट टार्गेटवर वेगळ्या ठिपक्यावर मारा. चांगल्या क्रॉसबोने एकाच ठिपक्यावर दोन मारले की दुसरा पहिल्याच्या नळीत घुसतो आणि वीस डॉलर फुकट जातात.

नंतर टेबल सोडा आणि जिथे, जसे बसणार तसे मारा: खुर्चीवर, जॅकेट घालून, वरून खाली. हे सगळं सप्टेंबरच्या आत. क्रॉसबो मचाणावर नेताना बोल्ट लावू नका, वेगळ्या दोराला बांधून वर खेचून घ्या. हंगामात बंदुकीचा आठवडा येतो तेव्हा क्रॉसबोवाल्यालाही केशरी जॅकेट घालावंच लागतं.

वायंडॉट काउंटीत २०२० साली रानटी हरणात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग, सापडला. त्या भागात शिकार करणार असाल तर तपासणीचे आणि मांस-हाडं बाहेर नेण्याचे वेगळे नियम असू शकतात, तेही आधीच वाचून ठेवा. हरीण पाडल्यावर त्याची नोंद फोन किंवा अॅपवर करावी लागते. मग उरतं ते घरी नेऊन कापणं. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, म्हणून आपला तांबडा रस्सा करताना तेल हात सैल ठेवून घाला आणि मांडीचं मांस कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या.